मानसोपचारक आणि त्याचे संस्कार

आंतड्याला सूज आलेला रोगी शस्त्रवैद्याच्या मेजावर निजतो, तेव्हां त्या वैद्याची मातृभाषा कोणती, तो देवपूजा करतो किंवा नाहीं, त्याचें बालपण वाड्यांत गेलें कीं चाळींत, ह्या प्रश्नांना फारसें महत्त्व नसतें. हात स्थिर असावा, शस्त्र निर्जंतुक असावें, म्हणजे झालें. मनाच्या व्याधींवर संभाषणाच्या द्वारें उपचार करणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्यापाशीं शस्त्र नाहीं, काढा नाहीं. रोगी बोलतो, तो ऐकतो. ऐकलेल्यांतून कांहीं निवडतो, कांहीं सोडून देतो, आणि योग्य वेळीं एखादें वाक्य बोलतो. ही निवड तो कशाच्या आधारें करतो? ग्रंथांतून शिकलेल्या शास्त्राच्या आधारें, हें तर खरेंच. परंतु बापापुढें मान खालीं घालणारा मुलगा सुशील कीं दुबळा, विधवा आईला सोडून परगांवीं न जाणारा तरुण कर्तव्यनिष्ठ कीं रोगी, हें तोलणारा एक तराजू शास्त्र शिकण्याच्या फार आधींपासून त्याच्या हातीं असतो. तो त्याला घरानें, जातीनें, भाषेनें, धर्मानें आणि देशानें दिलेला असतो. मानसोपचारकाचें मन हेंच त्याचें उपकरण. आणि उपकरण कोठें घडलें, ह्याचा परिणाम मापावर झाल्यावांचून राहत नाहीं.

हा प्रश्न केवळ तात्त्विक कुतूहलाचा असता तर तो पंडितांवर सोंपवून देतां आला असता. पण येथें माप चुकलें तर त्याची किंमत दुसराच कोणी देतो. एखाद्या समाजाची रूढि हीच व्याधि ठरते, आणि निरोगी माणसाला औषध सुरू होतें. किंवा खरी व्याधि ही त्या लोकांची रीतच आहे असें समजून दुःखी माणसाला घरीं परत पाठविलें जातें. ह्या दोन्ही चुका घडलेल्या आहेत, आणि त्या घडविणारीं माणसें मूर्ख किंवा दुष्ट नव्हतीं.

मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मुंड फ्रॉइड हे व्हिएन्ना शहरांतील ज्यू डॉक्टर. त्या नगरांत ज्यू विद्वानांना मोठ्या पदांचे दरवाजे सहजासहजीं उघडत नसत. प्राध्यापक ही पदवी फ्रॉइड ह्यांना १९०२ सालीं, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीं मिळाली. १९२६ सालीं, सत्तरीच्या निमित्तानें, आपल्या ज्यू मंडळांतील सभासदांना उद्देशून त्यांनीं आपल्या जन्माचें ऋण मोकळेपणानें मान्य केलें. ज्यू असल्यामुळें इतरांच्या बुद्धीला जखडणारे पुष्कळसे पूर्वग्रह आपल्याला जखडूं शकले नाहींत, आणि बहुमताचा पाठिंबा नसतांना उभें राहण्याची तयारीहि त्यामुळेंच झाली, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ होता. ही कबुली महत्त्वाची आहे. जन्म आणि संस्कार हे उपचारकाच्या दृष्टीवरचे पडदेच असतात असें नव्हे. कधीं कधीं ते त्याचे डोळेहि असतात. जो समाजाच्या कडेला उभा आहे त्याला मध्यभागीं बसलेल्यांचें ढोंग लौकर दिसतें.

पण ह्याच फ्रॉइड ह्यांनीं १९१२ सालीं आपल्या शिष्यांना असा उपदेश केला होता कीं, उपचारकानें रोग्याला आपल्याविषयीं कांहीं कळूं देऊं नये. आरशाप्रमाणें रोग्याचेंच रूप त्याला दाखवावें. व्हिएन्नांतील मध्यमवर्गीय कुटुंबांत, एक बाप, एक आई आणि त्यांचें मूल ह्यांच्यामध्यें जें नाट्य त्यांना दिसलें, तें सर्व मानवजातीचें नाट्य आहे असेंहि त्यांना मनापासून वाटत होतें. एकीकडे आपल्या कुळाचें देणें मान्य करावयाचें आणि दुसरीकडे उपचारक हा कुळशील नसलेला आरसा आहे असें मानावयाचें, हा विरोध त्यांच्या शास्त्रांत प्रारंभापासून राहून गेला. तो उघडा पडण्यास कलकत्ता कारण झालें.

गिरींद्रशेखर बोस ह्यांचा जन्म १८८७ चा. १९१० सालीं ते डॉक्टर झाले. लहानपणापासून जादूच्या खेळांचा आणि संमोहनविद्येचा नाद. पुढें मानसशास्त्राची पदवी. आणि १९२१ सालीं दमन ह्या विषयावरील प्रबंधाबद्दल कलकत्ता विद्यापीठाची सर्वोच्च पदवी. बंगालींत 'परशुराम' ह्या नांवानें विनोदी कथा लिहिणारे राजशेखर बोस हे त्यांचे वडील बंधु. गिरींद्रशेखर ह्यांनीं १९२२ सालीं कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण मंडळाची स्थापना केली आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. फ्रॉइड ह्यांना त्यांनीं कधींच पाहिलें नाहीं; जें शिकले तें वाचून, स्वतःच्या मनाचें निरीक्षण करून आणि रोग्यांकडून.

दोघांच्या पत्रव्यवहाराच्या प्रारंभींची एक गोष्ट मोठी बोलकी आहे. फ्रॉइड ह्यांचें छायाचित्र पाहावयास मिळालें नव्हतें, म्हणून बोस ह्यांनीं एका बंगाली चित्रकाराकडून त्यांचें काल्पनिक चित्र काढवून व्हिएन्नास धाडलें. चित्रकारानें ग्रंथांवरून मनःचक्षूंपुढें आलेला गृहस्थ रेखाटला. फ्रॉइड ह्यांचें उत्तर आलें तें सौजन्याचें, पण थोडें मिस्किल: चित्र मूळ माणसापेक्षां फारच सुंदर आहे, मात्र चित्रकारानें कांहीं वांशिक लक्षणें ध्यानांत घेतलेलीं नाहींत! प्रत्येक रोगी आपल्या उपचारकाचें असेंच एक चित्र मनांत काढीत असतो, आणि उपचारकहि रोग्याचें काढतो. फरक इतकाच कीं, त्यांच्यामध्यें चूक दुरुस्त करणारें पत्र क्वचितच येतें.

बोस हे फ्रॉइड ह्यांचे अनुयायी होते, पण अंकित नव्हते. आपल्या रोग्यांना ऐकतांना त्यांना असें आढळलें कीं, प्रत्येक इच्छेच्या पाठीशीं तिच्या उलट इच्छा सुप्त रूपानें उभी असते. मारण्याची इच्छा असेल तेथें मार खाण्याची, पुरुष म्हणून मिरविण्याची असेल तेथें स्त्री होण्याची. फ्रॉइड ह्यांच्या मतें मुलाच्या मनोविकासाचा मोठा भाग पुरुषत्व हिरावलें जाण्याच्या भीतीवर उभारलेला असतो. बोस ह्यांनीं १९२९ सालीं आपले लेख पाठवितांना स्पष्ट कळविलें कीं, हिंदी आणि युरोपीय रोग्यांत ह्या बाबतींत फरक दिसतो. स्त्री होण्याची सुप्त इच्छा हिंदी पुरुषांत अधिक सहज उघडकीस येते, आणि त्या भीतीला जोर येतो तो ह्या इच्छेमुळेंच. ज्या देशांत अर्धनारीनटेश्वराची पूजा होते आणि पुरुष भक्त स्वतःला देवाची सखी म्हणवून घेतो, तेथील कानाला ही इच्छा ऐकूं यावी ह्यांत नवल नाहीं. व्हिएन्नांतील कानाला ती भीतीखालीं दडलेली वाटली असती. फ्रॉइड ह्यांनीं हा फरक उत्तरांत मान्य केला, त्याकडे लक्ष ठेवण्याचें आश्वासनहि दिलें. पुढच्या त्यांच्या ग्रंथांत मात्र त्याचा विशेष मागमूस दिसत नाहीं. १९३१ सालीं त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या मंडळानें पाठविलेली विष्णूची हस्तिदंती मूर्ति त्यांनीं आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवली. मूर्तीला मेजावर जागा मिळाली. सिद्धांताला तितकी मिळाली नाहीं.

कलकत्त्याच्या त्याच मंडळाच्या प्रारंभींच्या सभासदांत दोन इंग्रज होते. त्यांपैकीं ओवेन बर्कली-हिल हे १९१९ पासून रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. हें रुग्णालय युरोपीय आणि अँग्लो-इंडियन रोग्यांसाठीं. हिंदी लोकांसाठीं रांचीजवळच कांके येथें १९२५ सालीं वेगळें रुग्णालय उघडण्यांत आलें. वेडालासुद्धां वर्णाप्रमाणें दोन दारें होतीं. बर्कली-हिल हे अकार्यक्षम अधिकारी नव्हते. त्यांनीं रुग्णालय सुधारलें, रोग्यांना हस्तव्यवसाय दिले. त्यांचा विवाह मलबारांतील एका हिंदु स्त्रीशीं झालेला होता. वर्णद्वेषाच्या मुळाशीं गोऱ्या पुरुषाचा मत्सर असतो, असेंहि ह्या गृहस्थांनीं लिहून ठेवलें आहे. आणि तरी १९२१ सालीं लंडनच्या मनोविश्लेषणविषयक त्रैमासिकांत त्यांनीं जो लेख लिहिला, त्यांत हिंदूंचें सोवळें-ओवळें, स्नानाचे नियम, प्राणायाम, तत्त्वज्ञान, फार काय संपूर्ण हिंदु स्वभावच, शैशवांतील मलविसर्जनाशीं निगडित झालेल्या विकृतीचा आविष्कार ठरविला. एखाद्या रोग्याचें निदान करावें तसें कोट्यवधि माणसांचें निदान एका लेखांत झालें. त्यांपैकीं कोणाला एक प्रश्न विचारण्याची गरज पडली नाहीं.

सोवळ्या-ओवळ्याचा अतिरेक हा पुष्कळदां खरोखरीच मानसिक व्याधीचें रूप घेतो, हें येथें नाकारावयाचें नाहीं. दिवसांतून पन्नास वेळां हात धुणारी बाई आणि देवघरांत जाण्यापूर्वीं स्नान करणारी बाई ह्यांच्यांतील अंतर आळींतल्या कोणाहि शेजारणीला कळतें. बर्कली-हिल ह्यांना तें कळेना, ह्याचें कारण त्यांच्या शास्त्रांत नव्हतें, तर ते ज्या खुर्चीवर बसून पाहत होते त्या खुर्चींत होतें.

दुसरे सभासद क्लॉड डेली हे लष्करी अधिकारी. १९३० सालीं, म्हणजे मिठाचा सत्याग्रह ज्या वर्षीं झाला त्याच वर्षीं, त्यांनीं क्रांतिकारक प्रवृत्तींच्या मानसशास्त्रावर एक लेख प्रसिद्ध केला. मातृभूमि आणि कालीमाता ह्यांच्या भक्तींत त्यांनीं बंगाली क्रांतिकारकांच्या मनांतील मातृविषयक विकृति शोधून काढली. परकीय राज्य नकोसें वाटणें हें त्या राज्याच्या अधिकाऱ्याला रोगाचें लक्षण वाटलें! त्याला स्वतःला तें राज्य हवेंसें कां वाटतें, ह्याचें मात्र विश्लेषण करावेसें वाटलें नाहीं. मनोविश्लेषणाचें शस्त्र दोन्ही बाजूंनीं धारदार आहे. तें एकाच दिशेनें चालविलें कीं त्याचें शास्त्रपण संपतें.

एवढ्यावरून कोणी म्हणेल कीं, मग सरळ उपाय असा: रोग्याला त्याच्याच देशाचा, त्याच्याच समाजाचा, किंवा निदान त्याच्याप्रमाणेंच अपमान भोगलेला उपचारक द्यावा. ह्या उपायाची कसोटी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, त्या काळच्या फ्रेंच अल्जीरियांत लागली.

फ्रांत्स फानों हे वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटाचे कृष्णवर्णीय नागरिक. जन्म १९२५. दुसऱ्या महायुद्धांत ते स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यांत लढले, लियों येथें डॉक्टर झाले, आणि १९५२ सालीं त्यांनीं काळ्या माणसावर गोऱ्यांच्या दृष्टीचा काय परिणाम होतो ह्यावर एक धगधगतें पुस्तक लिहिलें. दुसऱ्याच्या दृष्टीनें मोजलें जाणें म्हणजे काय, हें त्यांच्याइतकें त्या वेळीं क्वचितच कोणा मानसोपचारतज्ज्ञाला माहीत असेल. १९५३ च्या अखेरीस ते अल्जियर्सजवळच्या ब्लिदा येथील मोठ्या मनोरुग्णालयांत रुजू झाले. हें रुग्णालय ज्यांच्या प्रेरणेनें उभें राहिलें, त्या आंत्वान पोरो ह्यांच्या पंथाचें मत असें कीं, अल्जीरियन मुसलमानाचा मेंदूच मुळीं आदिम घडणीचा आहे. फानों ह्यांना हें मत तिटकारा यावा असेंच वाटत होतें. त्यांच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुसलमान पुरुष असे दोन विभाग सोंपविण्यांत आले.

फ्रान्समध्यें त्यांनीं एक नवी पद्धति शिकून घेतली होती. रुग्णालय हा तुरुंग न राहतां एक लहानसा समाज व्हावा. रोग्यांनीं सभा भरवाव्या, वृत्तपत्र काढावें, सण साजरे करावे, चित्रपट पाहून त्यावर चर्चा करावी, हातानें कांहीं विणावें, नाटक बसवावें. युरोपीय स्त्रियांच्या विभागांत ही पद्धति कांहीं महिन्यांतच फळाला आली. मुसलमान पुरुषांच्या विभागांत तीच सामग्री, तोच उत्साह, तेच डॉक्टर. आणि फळ शून्य. सभेंत कोणी बोलेना. वृत्तपत्रांत कोणी लिहीना, कारण बहुतेकांना लिहितां येत नव्हतें. विणकामाला बसविलें तर ते बसून राहत. तें काम बायकांचें. नाटकांत उभें राहून नाचणें-गाणें हें प्रतिष्ठित पुरुषाला शोभणारें नव्हे. गोष्टी सांगणारा कथेकरी हा त्या समाजांत वेगळा व्यावसायिक. फानों ह्यांना अरबी येत नव्हती, कबाइली भाषाहि येत नव्हती. दुभाष्यामार्फत बोलावें तर आणखी पंचाईत. ह्या रोग्यांनीं दुभाषी आजवर पाहिला होता तो न्यायालयांत आणि पोलिसांपुढें. दुभाषी आला म्हणजे चौकशी आली, एवढेंच त्यांना ठाऊक.

फानों आणि त्यांचे तरुण सहकारी जाक आझुले ह्यांनीं १९५४ सालीं ह्या अपयशावर जो लेख लिहिला, तो ह्या विषयावरील अत्यंत प्रामाणिक लेखनांत गणला पाहिजे. त्यांनीं दोष रोग्यांवर टाकला नाहीं, पोरोपंथीयांप्रमाणें मेंदूवर तर नाहींच. आपण आपल्याच समाजाची चौकट त्यांच्यावर लादली, आणि तसें करतांना ती चौकट आहे हेंहि आपल्या लक्षांत आलें नाहीं, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. वर्णद्वेषाविरुद्ध लेखणी उगारणारा हा कृष्णवर्णीय डॉक्टर त्या वॉर्डांत पाऊल टाकतांच, त्याच्या रोग्यांच्या दृष्टीनें, फ्रेंच साहेबच होता. त्याची कातडी काळी होती. त्याची भाषा, त्याची सभा, त्याचें नाटक हीं पॅरिसचीं होतीं. अपमान सोसला म्हणून दुसऱ्याचें घर आपोआप कळत नाहीं.

नंतर जें केलें तें साधें होतें. फानों त्या भागांतील खेड्यांत हिंडले, घर आणि शेत पाहिलें, भुताखेतांविषयींच्या समजुती ऐकून घेतल्या. विभागांत अरबी धर्तीचें कॉफीगृह उघडलें. तेथें पुरुष बसूं लागले, आणि जेथें पुरुष बसतात तेथें ते बोलतात. मुसलमानी सण पाळले जाऊं लागले, कथेकऱ्याला बोलावणें गेलें, शुक्रवारच्या नमाजासाठीं धर्मगुरु येऊं लागला, शेतकऱ्यांच्या हातीं विणण्याच्या सुया न देतां कुदळी दिल्या. १९५४ च्या नोव्हेंबरांत स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालें. १९५६ च्या अखेरीस फानों ह्यांनीं राजीनामा दिला. ज्या देशांत माणसाला त्याच्याच भूमीवर परका केलेलें आहे, तेथें त्याच्या मनाला ठिकाणावर आणण्याची नोकरी करतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांच्या राजकीय मतांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. कॉफीगृह मात्र विसरतां येण्यासारखें नाहीं.

ह्याच्या उलट बाजूचा अनुभव हिंदी मनोविश्लेषक सुधीर कक्कर ह्यांनीं पुढें लिहून ठेवला. फ्रँकफुर्ट येथें शिक्षण घेत असतां त्यांचें स्वतःचें विश्लेषण एका जर्मन गृहस्थांकडे चाललें होतें. विश्लेषक चांगला होता, सहानुभूतीचा होता. परंतु कक्कर ह्यांना पुष्कळ दिवसांनीं उमगलें कीं, आपल्या मनाचा जो भाग त्या जर्मन कानाला परका वाटला असता, तो आपण नकळत बाहेरच ठेवून त्या खोलींत जात होतों. रोगी उपचारकाला खूष ठेवण्यासाठीं स्वतःला कातरतो. ही गोष्ट उपचारकाला कळण्याचा मार्ग जवळजवळ नाहीं, कारण जें आंत आलेंच नाहीं त्याची उणीव कशी भासावी?

शिक्षण पश्चिमेकडचें आणि रोगी घरचा, ह्या पेचांत सांपडलेल्या हिंदी उपचारकांपैकीं जसवंतसिंग नेकी ह्यांनीं ह्याविषयीं विशेष विचार केला. नेकी हे पंजाबी कवि, धर्मानें शीख. म्हणजे ज्या पंथाच्या नांवाचाच अर्थ शिष्य असा आहे त्या पंथाचे. पाश्चात्य पद्धतींत उपचारकानें उपदेश करावयाचा नसतो. रोग्यानें स्वतःच्या पायांवर उभें राहावें, कोणावर अवलंबूं नये, हें साध्य मानलेलें. पण येथील रोगी डॉक्टरपुढें बसून विचारतो, "आतां तुम्हीच सांगा, मी काय करूं?" त्यावर मौन राखणारा डॉक्टर त्याला तटस्थ वाटत नाहीं; अडाणी किंवा निष्ठुर वाटतो. नेकी ह्यांनीं १९७३ सालीं एका अमेरिकन मासिकांत असें मांडलें कीं, गुरुशिष्यसंबंध हा भारतीय मानसोपचाराचा एक आदर्श होऊं शकेल; दुसऱ्यावर विसंबणें हें प्रत्येक समाजांत अपरिपक्वतेचें लक्षण नसतें. ही मांडणी स्वागतार्ह होती, पण तींतहि एक धोका आहेच. गुरूला चूक दाखविण्याची सोय शिष्याला नसते. सासूच्या जाचानें खंगलेल्या सुनेला गुरुस्थानीं बसलेल्या डॉक्टरनें "जरा सोसावें" असें सांगितलें, तर तें शास्त्र बोललें कीं डॉक्टरच्या घरांतील सासू बोलली, हें तिला कसें कळावें?

महाराष्ट्रांत तर आरसा होण्याची कल्पनाच टिकत नाहीं. दारावर आडनांवाची पाटी लागली कीं अर्धी ओळख झाली. उरलेली अर्धी, "आपण मूळचे कुठले?" ह्या प्रश्नानें होते, आणि हा प्रश्न विचारणारा रोगी उद्धट नसतो, तो आपल्या मनांतील चित्र पुरें करीत असतो. त्या चित्रावरून काय बोलावें आणि काय गिळावें हें तो ठरवितो. दलित तरुणाला कचेरींत सोसावा लागणारा सूक्ष्म अपमान सांगावयाचा असतो, पण समोरच्या पाटीवरचें आडनांव वाचून तो "कामाचा ताण फार आहे" एवढेंच म्हणतो. उपचारक ताणावर उपाय सांगतो. दोघेहि सभ्यपणें वागलेले असतात, आणि व्याधि जेथल्या तेथें राहते. उलट पक्षीं रोगी आणि उपचारक एकाच आळींतले, एकाच जातीचे असले, तर भीति दुसरी: इथें बोललेलें लग्नाच्या पंगतींत तर निघणार नाहीं? शिवाय समान संस्कारांचा उपचारक पुष्कळ गोष्टी विचारीतच नाहीं; त्याला वाटतें, त्या आपल्याला माहीतच आहेत.

मराठींतील संबोधनेंहि ह्या कामीं निष्पक्षपाती नाहींत. तिशींतील उपचारिकेपुढें साठीचे गृहस्थ बसतात. त्यांना तिनें काका म्हटलें तर ती पुतणी झाली, आणि पुतणीपुढें नवराबायकोमधील गोष्ट कशी काढावी? त्यांनीं तिला बाळ म्हटलें तर तिच्या ज्ञानाचें वजन गेलें. मॅडम म्हटलें तर खोलींत कचेरी आली. कष्टकरी वस्तींतील बाया ताई म्हणतात, आणि एकदां ताई म्हटलें कीं माहेरचें सारें गाऱ्हाणें मोकळें होतें. पण मग ताईनें घरीं येऊन नवऱ्याला चार शब्द सुनवावे अशी अपेक्षाहि येते. ह्यांतील एकच संबोधन बरोबर असें नाहीं. प्रत्येकानें कोणतें दार उघडतें आणि कोणतें लागतें, एवढें तिला ठाऊक असावें लागतें.

तसेंच दुःखाच्या शब्दांचें. ग्रंथांतील विषादाची लक्षणें इंग्रजींत पाठ केलेला डॉक्टर रोग्याच्या तोंडून 'उदास' हा शब्द येण्याची वाट पाहतो. रोगी म्हणतो, जीव घाबरा होतो; छातीवर दडपण येतें; डोकें जड वाटतें; कशांत करमत नाहीं. हें शरीराचें गाऱ्हाणें समजून त्याला हृदयाच्या तपासणीस धाडलें जातें, आणि तपासणींत कांहीं निघालें नाहीं म्हणजे "तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं" असें सांगण्यांत येतें. पुण्यांतील सुशिक्षित घरांत वाढलेल्या उपचारकाला अंगांत येणें हा भोळेपणा किंवा सोंग वाटतें. ज्याच्या आजीच्या अंगांत देवी येत असे त्याला तसें वाटत नाहीं, पण तो कदाचित् खऱ्या उन्मादाची पहिली चाहूल देवीच्या नांवावर सोडून देईल. दोघांच्याहि डोळ्यांत आपापल्या घरचें काजळ आहे.

व्यक्तींच्या ह्या कलाला पुढें शास्त्राचें रूप कसें येतें, ह्याचें ठळक उदाहरण व्याधींच्या अधिकृत यादींत आहे. समलिंगी आकर्षण हा मनोविकार असल्याची नोंद अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें १९७३ सालीं काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालीं. तोंवर दशकानुदशकें त्या माणसांवर उपचार झाले, आणि उपचार करणारे आपण शास्त्राला धरूनच वागत आहों असें समजत होते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें ह्या बाबतींत एक चांगली तरतूद केली आहे. एखाद्याची जात, धर्म, वंश, आर्थिक किंवा राजकीय स्थिति, तसेंच समाजाच्या रूढ नैतिक कल्पनांशीं त्याचें न जुळणें, ह्यांवरून त्याला मनोरुग्ण ठरवितां येणार नाहीं. क्लॉड डेली ह्यांच्या निदानाला ह्या कायद्याखालीं थारा मिळाला नसता.

कायदा निदानाला वेसण घालूं शकतो, कानाला नाहीं. त्यासाठीं उपचारकानें कांहीं संवयी लावून घ्याव्या लागतात. फ्रॉइड ह्यांच्या संप्रदायांत शिकणाऱ्यानें प्रथम स्वतःचें विश्लेषण करून घ्यावें असा दंडक आहे. त्यांत आईबापांचा विचार पुष्कळ होतो, जात, वर्ग आणि भाषा ह्यांचा आतां कोठें होऊं लागला आहे. आपल्या रोग्यांविषयीं एखाद्या जाणत्या सहकाऱ्याशीं नियमितपणें बोलण्याची रीत अधिक उपयोगी. विशेषतः तो सहकारी वेगळ्या घरांत वाढलेला असेल तर. एखाद्या रोग्याचा राग कां येतो, दुसऱ्याची घटका संपूं नये असें कां वाटतें, हे प्रश्न तेथें निघतात, आणि पुष्कळदां उत्तर रोग्यांत नसून उपचारकाच्या बालपणांत सांपडतें.

अमेरिकन संघटनेनें २०१३ सालीं आपल्या व्याधिसूचीबरोबर सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आपल्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तुमच्या घरचे काय म्हणतात, त्याचें कारण तुमच्या मतें काय, कोणाची मदत आजवर घेतली, असे ते प्रश्न आहेत. उत्तरें रोग्यानें आपल्या शब्दांत द्यावयाचीं. सोळावा प्रश्न उपचारकाविषयीं आहे. डॉक्टर आणि रोगी वेगळ्या परिस्थितींतून आलेले असले म्हणजे कधीं कधीं गैरसमज होतात. तशी काळजी तुम्हांला वाटते काय, असें त्यांत विचारावयाचें असतें. सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत, बाहेर बाकावर गर्दी बसलेली असतां, हा प्रश्न विचारण्यास अर्धें मिनिट पुरतें. पहिल्या भेटींत त्यावर, "नाहीं साहेब, तसें कांहीं नाहीं," असेंच उत्तर बहुधा मिळतें. तो तिसऱ्या भेटींत पुन्हां विचारावा लागतो, आणि कांहीं वेळां सहाव्या.